पोथीच्या बासनातलं कासव

गोकुळाबाईच्या हातून सहसा काही सांडत नसे. पण दिवाळीच्या तोंडावरच्या एकादशीला, बाळकृष्णाची आंघोळ आटोपून ती उठायला गेली आणि पंचामृताची वाटी तिच्या कोपराला लागली. दूध, दही, तूप, मध, साखर असं सगळं एकोप्यानं पाटावरून निघालं ते थेट पोथीच्या लाल बासनाकडे. तिनं हात आडवा धरला, पदर टाकला, तरी व्हायचं ते झालंच. बासन भिजलं.

पोथीची तिला काळजी नव्हती. पोथी त्या बासनात नव्हतीच. ती वरच्या फळीवर, नव्या पिवळ्या कापडात सुखरूप होती. जुन्या लाल बासनात होता जावयाचा गेम.

गेम म्हणजे पंजात मावेल एवढा, दोरीनं अडकवायचा काळा डबा. मधे काच, दोन्ही अंगांना गुंड्या, आणि कडेला चालू-बंद करायचं एक सरकतं बटण. जावई भूपेश ऊर्जानगरला वीजकेंद्रात कामाला. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता त्याचा हाच विरंगुळा. पोळ्याला सासरी आला तेव्हा तो गेम ओसरीतल्या खुंटीवर विसरून गेला. गोकुळाबाईनं धूळ पुसायला म्हणून तो हाती घेतला, फडक्याच्या ओढीनं बटण सरकलं, आणि काचेत एकदम तळं उजळलं. निळं पाणी, कडेला शिंगाड्याची पानं, आणि खाली संथ फिरणारे मासे. वर एक जाळं, टाकायची वाट बघत थांबलेलं.

हे दुसऱ्या कोणाच्या घरी झालं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण गोकुळाबाईचं माहेर नदीकाठचं आणि सासर तळ्यावरचं. तिचे वडील मार्कंड्याच्या देवळाखाली वैनगंगेच्या डोहात जाळं फेकत, नवरा डोमा गावच्या तळ्यात फेकतो. लग्नाआधी ती स्वतः अशी जाळं टाकायची की ते पाण्यावर परडीसारखं गोल पसरे. पुढं तिनं गळ्यात तुळशीची माळ घातली आणि माशाला हात लावणं सोडलं. डोमाची चूल मागच्या पडवीत गेली. तो तिथं आपलं कालवण आपण रांधायचा आणि खाऊन गुपचूप हात धुऊन यायचा. इतकी वर्षं तिला त्या जाळ्याची आठवणही झाली नव्हती. आणि आता ते हातात आपण होऊन चालून आलं होतं, वासाचं नाही, रक्ताचं नाही, तडफडीचं नाही. तिनं देवापुढं उभं राहून मनातल्या मनात विचारलं. देव काही बोलला नाही. नाही म्हणाला असता तर तिला कळलं असतं.

तेव्हापासून दुपारी जप पुरा झाला की देवघराचं दार लोटायचं, चौरंगावर लाल बासन सोडायचं आणि मान खाली घालून बसायचं, असा तिचा परिपाठ झाला. आधी हरी, मग जाळं. क्रम तिनं कधी मोडला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला फटीतून दिसे ती पोथीवर वाकलेली बाई.

त्या गेममध्ये एक पाटी होती. ज्यानं जास्त मासे धरले त्याचं चित्र सगळ्यात वर. भूपेशनं मगर निवडली होती आणि ती मगर पहिल्या जागेवर दात काढून बसलेली असे. गोकुळाबाईला चित्र निवडायची वेळ आली तेव्हा कोंबडी, छत्री, विमान असलं काय काय पुढं आलं. त्या गर्दीत तिला कासव दिसलं. महादेवाच्या गाभाऱ्यासमोर असतं ते. तिनं त्याला नमस्कार केला आणि तेच घेतलं. नवरात्र येईतो कासव मगरीच्या डोक्यावर जाऊन बसलं.

दसऱ्याला भूपेश आला, तिनं पुन्हा खुंटीवर अडकवून ठेवलेला गेम घेऊन अंगणात गेला आणि कपाळाला आठ्या घालून परतला. गल्लीतली पोरं हात लावतात का, असं त्यानं बायकोला, दामिनीला विचारलं. दामिनीनं आईला विचारलं. आई म्हणाली, गल्लीतल्या पोरांनी कधी हात लावला नाही. ते खरंच होतं. त्या दिवशी भूपेश जेवण थंड होईस्तोवर खेळला, मगर वर नेली, आणि जाताना गेम पुन्हा त्याच खुंटीवर विसरून गेला. इतका टापटिपीचा माणूस एकाच खुंटीवर दोनदा कसा विसरतो, हे डोमाच्या लक्षात आलं नाही. गोकुळाबाईच्या आलं. तिनं दुसऱ्याच दिवसापासून मगरीचा पाठलाग सुरू केला.

आता जावयाला कळलं तर काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. बिघडण्यासारखं बरंच होतं. गोकुळाबाई गावच्या महिला भजन मंडळाची अध्यक्ष. आषाढात तिनंच देवळात उभं राहून सगळ्या बायांच्या ओंजळीत पाणी दिलं होतं आणि चातुर्मासात मोबाइलवरच्या मालिका, व्हिडिओ, गेम सोडायचा संकल्प करवला होता. फोन आला तर उचलायचा, बोलायचं, ठेवायचा. बाया कुरकुरल्या. तेव्हा तिनं मंडळातल्या सगळ्यात तरुण बाईचं, भाग्यश्रीचं उदाहरण दिलं होतं, की पाहा, एवढ्याशा वयात ही पोर सोडून राह्यली, तर आपल्याले काय होते. आणि जावयाला कळणं म्हणजे दामिनीला कळणं. दामिनीच्या पोटात गोष्ट टिकली असती तर प्रश्नच नव्हता. पण ती माहेरी आली की पहिला चहा घरी आणि बाकीचे गावभर.

यावर दुसऱ्या कोणी सरळ थाप मारली असती. गोकुळाबाईला ती सोय नव्हती. मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगेचं पाणी हाती घेऊन तिनं खोटं न बोलण्याचा नेम घेतला होता आणि तो ती पाळत होती. अडचणीचा प्रश्न आला की ती “हरी हरी” म्हणे. त्यात हो नाही की नाही नाही, आणि देवाचं नाव आपसूक होतं.

तर असा तो गेम पंचामृतात न्हाला होता आणि जावई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवाळीला यायचा होता.

तिनं डबा झटकला, पदरानं पुसला. भिजलेला मोबाइल तांदळात पुरून ठेवतात, तांदूळ ओल ओढून घेतात, एवढं तिला माहीत होतं. सगळ्या मुलखाला माहीत आहे. घरात तांदळाला काय तोटा, कोपऱ्यात पिंप भरलेलं. तिनं झाकण काढलं, हात आत घातला, आणि आत विंचू दिसावा तसा मागं घेतला. आज एकादशी. एकादशीला ती तांदळाला शिवत नसे, त्या दिवशी अन्नातलं पाप तांदळात येऊन बसतं म्हणून. डोमाचा भातही आदल्या दिवशीचा असायचा. आता जावयाच्या वस्तूसाठी एवढ्या वर्षांचा नेम मोडायचा की काय, असं मनाशी घोळवत ती उभी राहिली, तोच तिची नजर फराळाच्या डब्यावर गेली. डब्यात भगर होती. पांढरी, कोरडी, स्वच्छ निवडलेली. ओल ओढायचीच आहे तर भगर का ओढणार नाही? आणि उपासालाही चालते. आपल्याला वेळेवर सुचलं याचं तिला इतकं बरं वाटलं की गेम डब्यात पुरताना तिनं वरून चमचाभर भगर आणखी सारली.

भगरीचा दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा, आणि तिच्या डब्यात कणीही होती. गेमच्या अंगावर भोकं कितीतरी. आणि मध कशाला म्हणतात ते भगरीला रात्रभरात चांगलं कळलं.

सकाळी पारणं सोडून तिनं डबा उघडला. गेम वरून कोरडा ठणठणीत. बटण मात्र सरकेना. चार्जर लावला तर तोंडातच अडकला. तेव्हा तिनं अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याच्या टोकानं बटण ढकललं. आत काहीतरी कट्‌ झालं. बटण सरकलं, अगदी सैल सरकलं, पण तळं काही उजळलं नाही.

तिनं गेम लाल बासनात बांधला, डोमाला म्हणाली की चामोर्शीला जाऊन येते, पणत्या आणायच्या आहेत. पणत्या खरंच आणायच्या होत्या.

चामोर्शीत बसथांब्याच्या मागं गफ्फारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचे वडील जाळ्याचा दोरा विकत, त्यामुळं डोमाच्या घराशी जुनी ओळख. गफ्फारला दोऱ्यात रस नव्हता. त्याला दोन गोष्टींत रस होता, बंद पडलेल्या वस्तू आणि चालू असलेल्या भानगडी. गोकुळाबाईनं काउंटरवर लाल बासन ठेवलं तेव्हा त्यानं हात मागं घेतला.

“पोथी रिपेरिंग आपल्याकडं नाई होत, बाई.”

तिनं आजूबाजूला पाहून गाठ सोडली. गफ्फारनं गेमकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग पुन्हा गेमकडं, आणि तिला आतल्या स्टुलावर बसायला सांगितलं. हे कोणाचं, असं त्यानं विचारलं. जावयाचं, असं ती म्हणाली. म्हणजे जावई खेळतात म्हणा, असं तो म्हणाला. खेळतात, ती म्हणाली. इथपर्यंत एकही अक्षर खोटं नव्हतं आणि ती जरा सैलावली.

त्यानं आपला चार्जर लावून पाहिला. पिन अर्ध्यातच थांबली. डोळ्याला भिंग लावून, बारीक टॉर्च मारून त्यानं भोकात डोकावलं आणि सुईनं काहीतरी उकरलं. एक पांढरा दाणा वर्तमानपत्रावर पडला. मग दुसरा. मग एकमेकांना चिकटलेले चार-पाच. त्यांच्यामागून एक लाल मुंगी बाहेर आली, काउंटरवर उभी राहून तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि परत आत गेली.

गफ्फारनं दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग सावकाश, आपल्याशीच बोलल्यासारखं बोलू लागला. त्याच्याकडं चिखलात पडलेले फोन येतात, म्हशीनं तुडवलेले येतात. तांदळात घालून आणलेले तर रोजचेच, त्यांच्यासाठी त्यानं वेगळा ब्रश ठेवला आहे. पण हा तांदूळ नाही. ही भगर आहे. आता ज्या घरात तांदळाचं पिंप भरलेलं, तिथं माणूस भगर कशाला घेईल? तांदळाला हात लावता येत नसेल तरच. म्हणजे काल. म्हणजे एकादशी.

“तं बाई, जवाई एकादशी करते का तुमचा?”

“हरी हरी,” गोकुळाबाई म्हणाली.

गफ्फारनं मान डोलावली, उत्तर मिळाल्यासारखी, आणि स्क्रू काढायला घेतले. एकेक स्क्रू तो लोहचुंबकाच्या तुकड्यावर ठेवत गेला. मागचं झाकण उचकटलं तसा त्यानं खोल श्वास घेतला. मध, तो म्हणाला. आणि दही. आणि थोडा कापूर. त्याला देवळाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. उजवीकडच्या मोठ्या गुंडीखाली कुंकवाचा डाग होता. म्हणजे खेळणाऱ्याच्या अंगठ्याला कुंकू असतं. जावई कुंकू लावतात की काय, असं काही त्यानं विचारलं नाही. नुसतं ते कुंकू कापसानं टिपून तिला दाखवलं आणि बाजूला ठेवलं. गोकुळाबाईनं अंगठा मुठीत घेतला.

मग तो खरं काम करू लागला. त्यानं मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या. काटा नव्हता, आकडे उमटले. बॅटरी भरलेली आहे, त्यानं सांगितलं, पेशंटमध्ये जीव आहे. मग चिमट्याची दोन टोकं बटणाच्या मुळाशी, दोन बारीक पायांवर टेकवली. क्षणभर काच उजळली. निळं पाणी दिसलं आणि गेलं. गोकुळाबाई स्टुलावरून अर्धी उठली.

“बसा. रस्ता बराबर हाय,” गफ्फार म्हणाला. “दरवाजाच तुटला हाय. ओरखडा दिसते. त्यात आकडा कोणं घातला?”

“म्या घातला.” हा प्रश्न सरळ होता, त्याला सरळच उत्तर होतं.

“चांगलं केलं. नाईतं मले कामच नसतं.”

त्यानं रद्दीतल्या एका मेलेल्या सर्किटवरून तसंच एक बटण काढलं. सगळा डबा ब्रशानं झाडला, भगर वर्तमानपत्रावर गोळा केली, मुंग्यांना फुंकर मारून वाट दाखवली. मधाच्या जागा स्पिरिटनं पुसायला घेतल्या तेव्हा गोकुळाबाईनं पदर नाकाला लावला. हे दवाखान्यातलं असतं तसं आहे, दारू नाही, असं त्यानं न विचारता सांगितलं. डाख द्यायच्या गरम कावियाचं टोक टेकलं, धुराची एक बारीक रेघ उठली, आणि नवीन बटण जागेवर बसलं. झाकण लागलं, स्क्रू फिरले. त्यानं बटण सरकवलं.

तळं उजळलं. पाणी हललं. गोकुळाबाईनं डोळे मिटले आणि यावेळी मनापासून हरी हरी म्हटलं.

काम झालं होतं. ती बासनासाठी हात पुढं करणार, तर गफ्फार म्हणाला की असं नाही देता येत, चालवून पाहावं लागतं, सगळ्या गुंड्या बरोबर दबतात की नाही. आणि तो खेळायला बसला.

तो वाईट खेळत होता. खेळत होता म्हणणंही जास्तच झालं. मासा दिसला की जाळं फेकत होता, मासा निघून गेल्यावर ओढत होता. छोट्या मासोळ्यांच्या मागं लागून मोठा रोहू समोरून जाऊ देत होता. गोकुळाबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. पंख्याकडं पाहिलं. गळ्यातली माळ धरून जपाचा एक फेर सुरू केला. कोपऱ्यातल्या पानांखाली पाणी थरथरलं. तिथं मोठा आहे, हे तिला दिसलं. गफ्फारला दिसलं नाही. त्यानं जाळं नेमकं उलट बाजूला नेलं, आणि तिच्या वडिलांनी, आजानं, नवऱ्यानं आयुष्यभर पाण्यावर जे काही केलं होतं ते सगळं तिच्या घशाशी आलं.

“तिथी काय टाकून राह्यले, बापा. शेपटीमांगं काऊन पळता? पानाखाली पाणी हालते ते पाहा. दम धरा. अजून. आता टाका. टाका म्हणते ना. गेला. द्या इकडं.”

आणि तिनं गेम त्याच्या हातातून घेतला.

गफ्फारनं दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि बघत राहिला. पुढं काय झालं ते गोकुळाबाईला नीटसं आठवत नाही. तिला एवढंच ठाऊक की नवीन बटणाचा डबा हाताला हलका लागत होता, गुंड्या भगरीवाचून लोण्यासारख्या दबत होत्या, आणि तळ्यात मासा असा उठला होता की विचारू नये. जीभ दातांत धरून तिनं रोहू धरला, मरळ धरला, पानांखालचा तो थोरला धरला. पाटी आली. कासव हळूहळू चढलं, मगरीच्या पाठीवर पाय देऊन वर गेलं आणि तिथं बसलं.

त्याच वेळी दुकानाबाहेर स्कूटी थांबली. तोंडाला स्कार्फ बांधलेली एक मुलगी आत आली, काउंटरवर टेकली आणि स्कार्फ सोडता सोडता गफ्फारला म्हणाली, भाऊ, माझा फोन झाला का, कालचा भाग पाहायचा राह्यला, आज तरी द्या. स्कार्फ सुटला. भाग्यश्री होती. मान वळली, आणि तिला स्टुलावरची अध्यक्षबाई दिसली, दोन्ही हातांत गेम, जीभ अजून दातांत.

गफ्फारला अचानक वरचा पंखा फार बघण्यासारखा वाटू लागला.

 काचेत एक मासा टुबुक आवाज करून उडाला. भाग्यश्रीनं गेमकडं पाहिलं, मग मांडीवरच्या लाल बासनाकडं. ते बासन तिनं देवघराच्या फटीतून कितीदा तरी पाहिलं होतं.

“काकू,” ती अतिशय आदरानं म्हणाली, “पोथी वाचून राह्यल्या का?”

“हरी हरी,” गोकुळाबाई म्हणाली. मग अध्यक्षपद आठवून, “तू इथी कशी?”

गफ्फारनं न बघताच पुढं केलेला आपला फोन भाग्यश्रीनं घेतला, पदर नव्हता म्हणून ओढणी सारखी केली आणि डोळे खाली वळवले.

“हरी हरी.”

गफ्फार खाली वाकला आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. त्याचे खांदे हलत होते. वर आला तेव्हा त्यानं वर्तमानपत्रातली भगर पुडीत बांधून गोकुळाबाईच्या हाती दिली, अन्न आहे, टाकवत नाही म्हणून. यंदा चातुर्मासात आपला धंदा बसणार असं वाटलं होतं, पण मागच्या दारानं बरा चालला, एवढंच तो म्हणाला. कोणाच्या घरून कोण येतं हे त्यानं सांगितलं नाही आणि त्या दोघींनीही विचारलं नाही. न विचारण्यात दोघींचंही हित होतं.

भाग्यश्रीच्या स्कूटीवर मागं बसून, मांडीवर पणत्या आणि पणत्यांवर बासन धरून गोकुळाबाई गावी आली.  तळ्याच्या वळणावर भाग्यश्रीनं हळूच विचारलं, मासे किती धरले. गोकुळाबाईनं खरं ते सांगितलं. स्कूटी थोडी झोकांडली.

संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली, दिवे लागले, दामिनी आणि भूपेश आले. गेम खुंटीवर होता. हातपाय धुऊन भूपेशनं आधी तोच काढला आणि ओसरीत टेकला. गोकुळाबाई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती आणि कान ओसरीत होते. जावयापुढं ती कधी उघड्या डोक्यानं गेली नव्हती की त्याच्याशी थेट बोलली नव्हती. जे काय बोलायचं ते दामिनीच्या तोंडून.

आधी शांतता झाली. म्हणजे त्यानं पाटी पाहिली. मग बराच वेळ गुंड्यांचा आवाज. मग डबा हातावर ठोकल्याचा आवाज. गफ्फारच्या ब्रशाला चुकवून कुठल्यातरी गुंडीखाली दडलेला एक दाणा भूपेशच्या तळहातावर पडला होता.

त्यानं दामिनीला विचारलं की या घरी भगर कोण खातं. दामिनी म्हणाली, माय, दुसरं कोण. काऊन?

गोकुळाबाईच्या कढईतली पुरी फुगून उलटायची वाट बघत राहिली. पावलं वाजली. भूपेश स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आला आणि आत न येता, दाराच्या चौकटीकडं तोंड करून उभा राहिला. आता तो विचारणार, तुम्ही खेळता का. आणि त्याला हरी हरी म्हटलं तरी उत्तर तेच होणार होतं.

“मामी,” तो चौकटीला म्हणाला, “पानाखालचा मोठा मासा कसा धराचा? माह्या हातून दरवेळी सुटून जाते.”

गोकुळाबाईनं पुरी काढली. निथळली. पदर सारखा केला. खेळता का असं त्यानं विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं कसं, आणि जाळ्याचं कसं विचारणाऱ्याला तिच्या माहेरी आजवर कोणी परत पाठवलं नव्हतं.

“मासा नोका पाहू,” ती जन्मात पहिल्यांदा जावयाशी बोलली, “पाणी पाहा. हाललं का तीन श्वास थांबा. मंग टाका.”

तो गेला. थोड्या वेळानं ओसरीतून एक दबलेली आरोळी आली. डोमानं मागच्या पडवीतून विचारलं, काय झालं. कोणी सांगितलं नाही.

दामिनीला मात्र सांगावं लागलं, कारण ती मधेच उभी होती. भूपेशनं तिला बजावलं, कोणाजवळ बोलू नको. ती हो म्हणाली, जेवली, आणि गोष्ट पोटात मावेना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच चहाला निघाली. निघाली ती नेमकी भाग्यश्रीकडं, कारण गावात गोष्ट लवकर पोचवायची तर तेच घर मध्यावर. तासाभरानं ती तोंड बारीक करून परत आली. भाग्यश्रीनं सगळं ऐकून घेतलं होतं आणि मग तिच्याकडं अशा डोळ्यांनी पाहिलं होतं की दामिनीलाच पाप लागल्यासारखं झालं. काकू आणि गेम, भाग्यश्री म्हणाली होती, काहीतरी बोलू नको, दामिनीताई. काल चामोर्शीलासुद्धा पोथीचं लाल बासन सोबत होतं त्यांच्या, म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. त्यानंतर दामिनी दुसऱ्या कुठल्या घरी गेली नाही. जिथं भाग्यश्री विश्वास ठेवत नाही तिथं कोण ठेवणार?

दिवाळी झाली. जाताना भूपेशची पिशवी भरून झाली, चकल्या, अनारसे, सगळं आठवणीनं घेतलं. गेम विसरला. यावेळी खुंटीवर नाही. देवघरातल्या चौरंगावर, चार्जरसकट. मगर वर होती, पण थोडीशीच.

कार्तिकी एकादशीला चातुर्मास सुटला. देवळात भजन रंगलं, भाग्यश्रीचा आवाज कळसापर्यंत गेला. शेवटी बाया अध्यक्षबाईंकडं बघू लागल्या, पुढच्या वर्षी काय सोडायचं म्हणून. गोकुळाबाईनं थोडा विचार केला. मग मऊ आवाजात म्हणाली की मोबाइलचं झालं एक वर्ष, दरवर्षी तेच बरं नाही. पुढच्या चातुर्मासात वांगं सोडू.

सगळ्यात आधी भाग्यश्रीचा हात वर झाला. गोकुळाबाईनं ओंजळीत पाणी घेऊन संकल्प सोडला, अगदी मनापासून, कुठंही खोट न ठेवता. वांगं तिला तसंही कधी आवडलं नव्हतं.